पारितोषिकांचा रस्ता आणि पुस्तकांचे दुकान

१

मराठी माणूस पुस्तके विकत घेऊन वाचीत नाही, असे म्हणण्याचा आपल्याकडे एक जुना प्रघात आहे. प्रकाशक हे वाक्य व्यथेने उच्चारतात, लेखक रागाने उच्चारतात आणि संमेलनांचे वक्ते टाळ्यांसाठी उच्चारतात. ते इतक्या वेळा कानांवर पडले आहे की त्याची शहानिशा करण्याची कोणास गरजच वाटेनाशी झाली आहे. आम्हांस मात्र हे विधान अपुरे वाटते. पुस्तक घेण्याची इच्छा ही भुकेसारखी आपोआप उत्पन्न होणारी गोष्ट नव्हे. पुस्तक दिसावे लागते, हाताळावे लागते, चार पाने उभ्याउभ्या वाचून ते परत ठेवण्याची मोकळीक असावी लागते. मग कोठे इच्छा जन्मास येते. ज्या गावी पुस्तकाचे दुकान नाही, त्या गावच्या वाचकास 'तू पुस्तके घेत नाहीस' असा दोष देणे म्हणजे विहीर न खणता गावाला तहान नाही असे ठरविण्यासारखे आहे.

हा प्रश्न बृहन्महाराष्ट्रातील वाचकांच्या दृष्टीने पाहावयाचा तर नव्या दिल्लीतील कोपर्निकस मार्गासारखे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. मंडी हाउसच्या चौकापासून इंडिया गेटपर्यंत जाणारा हा रस्ता लांबीने फार मोठा नाही. पूर्वी तो लिटन रोड या नावाने ओळखला जाई. पुढे त्यास पोलंडच्या खगोलवेत्त्याचे नाव मिळाले. या रस्त्याच्या एका टोकाशी, फिरोजशाह मार्गाच्या कोपऱ्यावर, रवींद्र भवन उभे आहे. हबीब रहमान यांनी आखलेली ही वास्तू १९६१ साली पूर्ण झाली, आणि साहित्य, संगीत-नाटक व ललित कला या तिन्ही अकादमींचा संसार तीत मांडला गेला. समोर दूरदर्शनचे भवन आहे. शेजारी कमानी सभागृह आहे. आणि याच रस्त्यावर, इंडिया गेटकडे जाताना, महाराष्ट्र सदनाची जुनी वास्तू आहे. २०१३ साली कस्तुरबा गांधी मार्गावर नवे, भव्य सदन उभे राहिले तरी जुने सदन आपल्या जागी आहेच.

म्हणजे असे की, देशाच्या राजधानीत मराठी साहित्याचा जो काही अधिकृत गौरव व्हावयाचा, त्याचा फार मोठा भाग या एका रस्त्याच्या आसपास होतो. साहित्य अकादमीने मराठीस पहिले पारितोषिक १९५५ साली दिले, ते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' या ग्रंथास. तेव्हापासून आजपर्यंत ही परंपरा चालत आलेली आहे. २०२३ साली कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला आणि २०२४ साली सुधीर रसाळ यांच्या 'विंदांचे गद्यरूप' या ग्रंथास हा मान मिळाला. पारितोषिक-वितरणाचा सोहळा अनेक वर्षे कमानी सभागृहात होत आला आहे. ताम्रपट दिला जातो, शाल पांघरली जाते, छायाचित्रे निघतात. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी एखाद्या वाचकाने त्याच रस्त्यावर उभे राहून 'मला काल गौरविलेले ते मराठी पुस्तक हवे' असे म्हटले, तर त्याने कोणाचे दार ठोठवावे? अकादमीच्या विक्रीकेंद्रात अकादमीची स्वतःची प्रकाशने मिळतात, आणि ते योग्यच आहे. पारितोषिकप्राप्त मूळ पुस्तके ही इतर प्रकाशकांची असतात. मराठी पुस्तकांचे स्वतंत्र, बारमाही उघडे असलेले दुकान कोपर्निकस मार्गावर तर नाहीच, परंतु सबंध दिल्लीतही आमच्या पाहण्यात नाही. जेथे पुस्तकाचा सन्मान होतो तेथे पुस्तक मिळत नाही, ही विसंगती आम्हांस केवळ गमतीची वाटत नाही. तिचा परिणाम साहित्यविचारावर होतो, आणि तोच या लेखाचा विषय आहे.

२

पुस्तकविक्रेता हा आपल्या समीक्षेतला एक दुर्लक्षित पुरुष आहे. समीक्षक म्हटला की आपणांस प्राध्यापक आठवतात, परीक्षणे लिहिणारे आठवतात. पण कोणते पुस्तक दर्शनी फळीवर मांडावे, कोणते आत ठेवावे, कोणाच्या हातात कोणते पुस्तक द्यावे, हा निर्णय रोज करणारा मनुष्य हा पुस्तकाचा पहिला परीक्षक असतो. त्याचे परीक्षण छापले जात नाही, परंतु त्यात त्याचे भांडवल गुंतलेले असते. म्हणून ते पुष्कळदा छापील परीक्षणांहून अधिक जबाबदारीचे असते.

मराठीत याची उत्तम साक्ष केशवराव कोठावळे यांच्या चरित्रात मिळते. पदपथावर जुनी पुस्तके मांडून ज्यांनी व्यवसायास आरंभ केला, त्यांनी गिरगावात मॅजेस्टिक हे दुकान थाटले, पुढे प्रकाशन उभारले आणि १९६४ साली 'ललित' हे मासिक काढले. ग्रंथव्यवहारास वाहिलेले हे मासिक एखाद्या विद्यापीठातून किंवा अकादमीतून निघाले नाही, ते पुस्तकाच्या दुकानातून निघाले, ही घटना अर्थपूर्ण आहे. काउंटरमागे उभे राहून ज्याने वर्षानुवर्षे वाचकांची विचारणा ऐकली, त्यालाच कळले की वाचकाला पुस्तकाइतकीच पुस्तकाविषयीच्या बोलण्याची भूक आहे. मुंबईच्या फोर्ट भागातील स्ट्रँड बुक स्टॉलचे टी. एन. शानभाग हे असेच दुसरे नाव. १९४८ साली स्ट्रँड चित्रपटगृहातील एका लहानशा जागेत त्यांनी विक्रीस सुरुवात केली. २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००९ साली ते वारले, आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ते दुकान कायमचे बंद झाले. पुण्यात मॅनीज २०१२ साली बंद झाले. दिल्लीत वसंत विहारचे फॅक्ट अँड फिक्शन २०१५ साली मिटले. मंडी हाउसच्या परिसरातच, श्रीराम सेंटरमध्ये, हिंदी पुस्तकांचे एक दुकान होते. नाटकास आलेला प्रेक्षक तेथे थबकत असे. तेही उरले नाही. जामा मशिदीसमोरच्या उर्दू बाजारात पुस्तकांच्या कित्येक दुकानांची जागा आता खाणावळींनी घेतली आहे. तेव्हा हे दुखणे एका भाषेचे किंवा एका गावाचे नाही.

येथे असे विचारले जाईल की, दुकान बंद झाले म्हणून काय बिघडले? घरबसल्या पुस्तक मागविता येते. फ्लिपकार्टने २००७ साली पुस्तकविक्रीनेच आरंभ केला, ॲमेझॉनचे भारतीय विक्रीस्थळ २०१३ साली सुरू झाले, मराठी पुस्तकांची निराळी विक्रीस्थळेही आहेत. दिल्लीतील मराठी माणसाला आज जितकी पुस्तके मिळू शकतात तितकी त्याच्या आजोबांना कधीच मिळाली नाहीत. हे सर्व खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु 'मिळू शकणे' आणि 'भेटणे' या दोन निराळ्या क्रिया आहेत. पडद्यावर आपण जे नाव टंकतो ते पुस्तक मिळते, म्हणजेच ज्याचे नाव आपणांस आधीच ठाऊक आहे ते मिळते. त्याच्या खाली जी शिफारस येते, ती इतरांनी काय घेतले यावरून काढलेली असते. म्हणजे खपलेले पुस्तक अधिक खपते. दुकानाची रीत याच्या उलट. तेथे मनुष्य कादंबरी घ्यावयास जातो आणि शेजारच्या फळीवरील, कधी नाव न ऐकलेल्या कवीचा पातळसा संग्रह घेऊन बाहेर पडतो. नव्या लेखकाचे, लहान प्रकाशकाचे आणि विशेषतः कवितेचे सारे भवितव्य या शेजारावर अवलंबून असते.

ग्रंथालय हे काम करील, असे कोणी म्हणेल. ग्रंथालयाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. १९५१ साली युनेस्कोच्या साह्याने स्थापन झालेल्या दिल्ली पब्लिक लायब्ररीने या शहरास वाचावयास शिकविले आहे. परंतु ग्रंथालयातून आणलेले पुस्तक परत जाते. घरातल्या फळीवर राहून मुलांच्या दृष्टीस पडत नाही, समासात खुणा करू देत नाही, वीस वर्षांनी पुन्हा हाती येत नाही. आणि प्रदर्शन? दिल्लीत १९७२ सालापासून विश्व पुस्तक मेळा भरतो, आता तो दरवर्षी भरतो, आणि तेथे मराठीचीही पुस्तके येतात. मेळा हा सण आहे. पण सणावारी जेवून वर्षभर पोट भरत नाही.

३

या अभावाचा सर्वांत खोल परिणाम कशावर झाला असेल तर तो बृहन्महाराष्ट्राच्या अभिरुचीवर. दिल्ली, भोपाळ, इंदूर, हैदराबाद येथील मराठी घरांतली पुस्तकांची कपाटे एकदा तुलना करून पाहावीत. 'ययाति', 'स्वामी', 'मृत्युंजय', पु. लं.ची पाचसहा पुस्तके, कुसुमाग्रजांचा एखादा संग्रह, एक ज्ञानेश्वरी. ही पुस्तके थोर नाहीत असे कोण म्हणेल? परंतु ती सगळ्या कपाटांत तीच आहेत, आणि तेथेच थांबली आहेत. कुटुंबातील पहिला मनुष्य ज्या वर्षी नोकरीसाठी गाडीत बसला, त्या वर्षी त्या घराची वाङ्मयीन अभिरुची थांबली. पुढे त्यात भर पडली ती बहुधा लग्नकार्यात भेट आलेल्या पुस्तकांची. महाराष्ट्रात दरम्यान दलित आत्मकथने आली, ग्रामीण कादंबरीने रूप पालटले, भालचंद्र नेमाडे यांच्या कादंबऱ्यांवरून वाद झाले, भुजंग मेश्रामांसारखे कवी आदिवासी जीवनातून आले. यांपैकी किती गोष्टींची चाहूल आमच्या कपाटांस लागली? पारितोषिक मिळाले म्हणजे नाव कानी येते. मग आपण त्या एका पुस्तकाविषयी आदराने बोलतो आणि त्याच्या मागेपुढे उभी असलेली दहा पुस्तके आपणांस अज्ञातच राहतात.

आणि हा दोष केवळ सामान्य वाचकाचा नाही. आमच्या नियतकालिकांतील समीक्षेचाही आहे. महाराष्ट्राबाहेर निघणाऱ्या मराठी मासिकांत परीक्षण कशाचे होते? जी पुस्तके अभिप्रायार्थ येतात त्यांचे. जो प्रकाशक किंवा जो लेखक टपालखर्च सोसून प्रत पाठवितो, त्याचे पुस्तक चर्चेस येते. जो पाठवीत नाही तो आमच्या लेखी अस्तित्वातच नसतो. स्वतः दुकानात जाऊन, चार पुस्तके चाळून, त्यांतले एक आपल्या पैशाने घेऊन त्यावर लिहिण्याचे स्वातंत्र्य ज्या समीक्षकाला नाही, त्याच्या स्तुतीस आणि निंदेस कितीसे वजन असणार? निवड दुसऱ्याने करावयाची आणि निवाडा आपण द्यावयाचा, ही समीक्षा नव्हे. दुकान नसणे हा अशा रीतीने आमच्या टीकाबुद्धीलाच पडलेला मर्यादेचा प्रश्न आहे.

४

आता व्यवहाराकडे वळू. दिवसभर फायलींवर टिपणी लिहिणाऱ्या आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या कारकुनास भावनेपेक्षा आकड्यांवर अधिक भरवसा वाटावा, हे स्वाभाविक आहे.

समजा, दिल्ली आणि भोवतालच्या परिसरात मराठी वाचणारी पाचशे कुटुंबे अशी निघाली, की जी वर्षाकाठी प्रत्येकी सहा पुस्तके विकत घेतील. एका पुस्तकाची किंमत सरासरी तीनशे रुपये धरू. वर्षाची विक्री नऊ लक्ष रुपये झाली. विक्रेत्याला छापील किमतीवर तीस टक्के सुटतात असे धरले तर त्याच्या वाट्यास वर्षाला दोन लक्ष सत्तर हजार, म्हणजे महिन्यास साडेबावीस हजार रुपये येतात. यातून एका मदतनिसाचा पगार, विजेचे बिल आणि पुस्तके आणण्याची हमाली जेमतेम भागेल. मध्य दिल्लीतल्या जागेच्या भाड्याचे नाव काढावयास नको. आता ग्राहकाने वीस टक्के सूट मागितली असे धरा, कारण घरपोच विक्री करणारी कंपनी ती देते. विक्रेत्यापाशी उरले दहा टक्के. महिन्यास साडेसात हजार. गणित येथे संपते, आणि दुकानही.

या गणितातून दोन गोष्टी निघतात. पहिली सवलतीची. सूट हा प्रकार मुळातच वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. शानभागांनीही ग्राहकांस सूट दिली, आणि तीमुळे कित्येक विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तक पडले. पण समोर उभ्या असलेल्या वाचकाचे तोंड पाहून दुकानदाराने आपल्या हिश्श्यातून दिलेली सूट वेगळी, आणि प्रतिस्पर्धी जगूच नयेत म्हणून अपार भांडवलाच्या बळावर दिलेली सूट वेगळी. फ्रान्सने हा भेद ओळखून १९८१ साली कायदा केला: पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवील आणि कोणाही विक्रेत्यास पाच टक्क्यांहून अधिक सूट देता येणार नाही. सांस्कृतिक मंत्री जाक लांग यांच्या नावाने तो ओळखला जातो. २०२३ च्या ऑक्टोबरपासून तेथे पस्तीस युरोंपेक्षा कमी किमतीच्या पुस्तकांच्या मागणीवर घरपोच पाठविण्याचे किमान तीन युरो घेणेही बंधनकारक झाले. जर्मनीतही पुस्तकाची किंमत कायद्याने बांधलेली आहे. उलट ब्रिटनमध्ये प्रकाशकांचा किंमत राखण्याचा जुना करार १९९५ साली कोसळला, आणि त्यानंतर तेथे स्वतंत्र दुकाने मोठ्या संख्येने मिटली. आपल्या देशात छापील पुस्तकांवर वस्तू व सेवा कर नाही, ही गोष्ट चांगली. पण सवलतीच्या स्पर्धेस कोणताही बांध नाही. त्यात टपालखात्याने २०२४ च्या डिसेंबरात पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत सेवा बंद केली, तेव्हा लहान विक्रेत्याचा उरलासुरला आधारही हलला. २०२५ च्या मे महिन्यात 'ज्ञान पोस्ट' ही नवी सेवा सुरू झाली, हे तिचे परिमार्जन मानावयास हरकत नाही. परंतु टपाल हा दुकानास पूरक आहे, पर्याय नव्हे.

दुसरी गोष्ट जागेची. वरचे गणित फसते ते भाड्यापाशी. भाडे वगळा, सूट आवरा, की गणित ओढाताणीने का होईना, जुळते. याला दिल्लीतच एक दाखला आहे. फाळणीनंतर सरहद्दीपलीकडून आलेल्या निर्वासितांसाठी १९५१ साली खान मार्केट वसविण्यात आले. पेशावरातला धंदा गमावून आलेल्या कुटुंबाने तेथे फकीरचंद हे दुकान उघडले, आणि १९५३ साली बलराज बहरी यांनी बहरीसन्स सुरू केले. ही दोन्ही दुकाने पुस्तकांचीच, आणि दोन्ही आजही चालू आहेत. सरकारने त्यांना ग्रंथप्रसाराची योजना दिली नाही, पुरस्कारही दिला नाही. बसावयास जागा दिली. बाकीचे त्यांच्या कष्टांनी केले.

हेच तत्त्व आम्ही कोपर्निकस मार्गास लावू इच्छितो. जुन्या महाराष्ट्र सदनात, रस्त्याकडे दार उघडणारी एक खोली नाममात्र भाड्याने मराठी पुस्तकांच्या विक्रेत्यास द्यावी. ती सरकारने स्वतः चालवू नये. सरकारी विक्रीकेंद्राचे भवितव्य आम्ही नोकरीमुळे जाणतो: दुपारी जेवणाची सुटी, सायंकाळी साडेपाचला कुलूप, फळीवर गतवर्षीचे अहवाल. खोली व्यवसायी मनुष्याच्या हाती असावी, आणि तिच्यासाठी चारच अटी असाव्यात. सर्व प्रकाशकांची, विशेषतः लहान प्रकाशकांची, पुस्तके ठेवावीत. कविता, समीक्षा आणि मुलांची पुस्तके यांस निश्चित जागा असावी. नोकरदार वर्गासाठी दुकान रात्री आठपर्यंत आणि रविवारी उघडे राहावे. आणि कोणते पुस्तक ठेवावे वा ठेवू नये, यात सदनाच्या किंवा मंत्रालयाच्या कोणीही बोलू नये. ही शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे. कारण ज्या दिवशी फळीवरील पुस्तक वरून ठरू लागेल, त्या दिवशी ते दुकान राहणार नाही, माहितीकक्ष होईल.

५

यावर एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याचा विचार केला पाहिजे. दिल्लीतील मराठी माणूस आज पहाडगंज आणि करोलबागेपुरता राहिलेला नाही. तो नोएडा, गुरुग्राम, द्वारका अशा दूरदूरच्या वस्त्यांत पसरला आहे. तो पुस्तकासाठी मंडी हाउसपर्यंत येईल काय? आमचे उत्तर असे की, तो नाटकासाठी येतो. मेट्रोच्या दोन मार्गांचा संगम तेथेच आहे. पुस्तकासाठी तो आजवर आला नाही, कारण येथे पुस्तक नव्हते. आणि सगळेच येणार नाहीत, हेही खरे. पाचशे कुटुंबांचा आमचा आकडा हा त्यासाठीच लहान धरलेला आहे.

पण मग दायित्व वाचकाकडे येते, आणि येथे गोड बोलून चालणार नाही. दुकानात येऊन पुस्तक चाळावयाचे, विक्रेत्याकडून त्याची माहिती घ्यावयाची आणि मग खिशातला दूरध्वनी काढून तेच पुस्तक साठ रुपये स्वस्तात मागवावयाचे, ही चतुराई नव्हे. ज्या ज्ञानाचा आपण लाभ घेतला त्याचे मोल बुडविणे आहे. ते साठ रुपये पुस्तकाची किंमत नसून दुकान असण्याची किंमत आहेत. चहाच्या दोनचार पेल्यांना आज तेवढे पडतात. वर्षाकाठी सहा पुस्तके छापील किमतीस घेणे हे पांढरपेशा कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे नाही. ते ज्यांच्या खरोखर आवाक्याबाहेर आहे, त्यांच्यासाठी दुकानात बसून वाचावयास एक बाक असला म्हणजे पुरे.

दिल्लीत मराठी साहित्य संमेलन प्रथम भरले ते १९५४ साली, तर्कतीर्थांच्या अध्यक्षतेखाली. पुन्हा भरले ते एकाहत्तर वर्षांनी, २०२५ च्या फेब्रुवारीत, तालकटोरा येथे, तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखाली. दरम्यान, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन्ही संमेलनांत भाषेच्या थोरवीविषयी उत्तम भाषणे झाली. तथापि संमेलन तीन दिवसांनी उठते, आणि चौथ्या दिवशी सायंकाळी कचेरीतून सुटलेल्या मनुष्यास मराठी पुस्तक हवे असेल तर ते कोठे मिळेल, या साध्या प्रश्नाचे उत्तर १९५४ साली मागे राहिले नाही आणि २०२५ सालीही राहिले नाही. अभिजात दर्जामुळे अध्यासने निघतील, संशोधनास अनुदान मिळेल, हस्तलिखितांची राखण होईल. हे सर्व व्हावेच. आम्ही त्याच्या शेजारी एका खोलीची मागणी ठेवीत आहोत. तिच्यासाठी दिल्लीतील मराठी संस्थांनी महाराष्ट्र शासनाकडे एकत्रित अर्ज करावा, आणि अर्जासोबत, वर्षाला सहा पुस्तके छापील किमतीस घेऊ असे लिहून देणाऱ्या पाचशे कुटुंबांची यादी जोडावी. अर्ज लिहून देण्याचे काम आमच्या पेशाचे आहे. ते आम्ही आनंदाने करू. यादी मात्र वाचकांनी भरावयाची आहे.